लिंडनच्या लाकडातला हात

१

उस्ताद फाइट ओबरलिन नगरभवनाच्या वरच्या दालनात पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याशी त्याचीच मोगरी पडली होती. सकाळी दालन झाडायला गेलेला बुर्कार्ड झाडू तिथंच टाकून जिना उतरला आणि तडक नगराच्या वकिलाच्या दारात येऊन उभा राहिला.

वकील अँब्रोस काल्टनर उपासाच्या महिन्यातली खारवलेली हेरिंग मासळी राय धान्याच्या काळ्या पावाबरोबर कशीबशी गिळत होता. बुर्कार्डच्या तोंडाकडे बघताच त्यानं ताट सरकवलं. त्याचा उजवा पाय संधिवातानं सुजला होता. नगरभवनाचा जिना चढताना तो प्रत्येक वळणावर थांबला, आणि वर पोचला तेव्हा नगराध्यक्ष सिगमुंड राइखलिन दालनाच्या दारात रुमाल नाकाशी धरून उभा असलेला त्याला दिसला.

"आत या ना," काल्टनर म्हणाला.

"नको. मला रक्त बघवत नाही. मी उंबरा ओलांडलेला नाही. इथूनच बोलतो."

समोरची अख्खी भिंत व्यापून लिंडनच्या लाकडातला शिल्पपट उभा होता. बिशपच्या हुकमावरून उस्ताद तो दोन हिवाळे कोरत होता. बंडाच्या वर्षी लिंडाख शहराचा वरचा दरवाजा कोणीतरी आतून बंडखोर शेतकऱ्यांना उघडून दिला होता. पुढे बंड मोडलं, बिशपची फौज आली, द्वारपाल किलियनचं डोकं भर चौकात उडवलं गेलं, आणि शहराच्या किल्ल्या बिशपच्या हाती गेल्या. तेच सगळं लाकडात हवं होतं. डावीकडे पाप, उजवीकडे प्रायश्चित्त. ईस्टरला बिशप स्वतः येऊन त्यावरचं कापड दूर करणार होता. तोवर उस्तादानं पुऱ्या कामावर जाड कापड टाकून ठेवलं होतं आणि कोणाला फिरकू दिलं नव्हतं.

आज उजव्या भागावरचं कापड बाजूला ओढलेलं होतं. सिंहासनावर बिशप बसला होता. डोक्यावर दोन टोकांची उंच टोपी, एका हातात धर्मदंड, दुसऱ्या हातात तलवार. तलवारीची आता नुसती मूठ राहिली होती. त्याच्या पायाशी नगरसभेचे सभासद गुडघे टेकून रांगेत बसले होते, आणि सगळ्यांत पुढं, उशीवर किल्ल्या घेऊन, राइखलिन. दुहेरी हनुवटी, बारीक डोळे, सगळं हुबेहूब. दारातल्या राइखलिनपेक्षा लाकडातला जरा जास्तच नम्र दिसत होता एवढंच.

तलवारीचं पातं प्रेताजवळ फरशीवर पडलं होतं. काल्टनरनं कण्हत वाकून ते उचललं. त्याच्या वरच्या बाजूवर काही नव्हतं. खालची बाजू मात्र वाळलेल्या रक्तानं माखली होती, आणि पातं उचललं तिथं खालच्या डागात त्याचा आकार उमटला होता.

"यात शोधायचं काय आहे, वकीलसाहेब?" राइखलिन दारातून बोलला. "मत्थेसचं काम आहे हे. किलियनचा धाकटा भाऊ. उस्तादानं दया येऊन कामाला ठेवला, त्याचं हे फळ. भावाचा हात छाटला, बिशपांची तलवार मोडली, मध्ये म्हातारा आडवा आला तर त्यालाही सोडलं नाही. मी पहारेकऱ्यांना पाठवलंय त्याला आणायला."

"तुम्ही हा पट आधी बघितला होता?"

"छे. मीही सगळ्यांसारखा ईस्टरचीच वाट बघत होतो."

काल्टनर लंगडत डावीकडे गेला आणि कापडाला हात घातला. कापड जड होतं. खाली आलं तेव्हा धूळ उडाली.

लाकडातला वरचा दरवाजा अर्धा उघडा होता. फटीतून कोयते आणि काठ्या घेतलेले शेतकरी आत डोकावत होते, आणि आतल्या बाजूला डोक्यावरून टोपडं पुढं ओढलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता. शेतकऱ्यांच्या दिशेनं पुढं केलेला त्याचा हात मनगटापासून गायब होता. सगळ्या पटावर तपकिरी रोगण होतं, फक्त त्या मनगटाशी लाकूड हाडासारखं पांढरं उघडं पडलं होतं.

फरशीवर, परांचीखाली, प्रेताच्या आसपास काल्टनरनं सगळीकडे बघितलं. तो हात कुठंच नव्हता.

२

बिशपचा किल्लेदार एबरहार्ड फॉन रोटाउ गढीवरच्या उबदार खोलीत जेवायला बसला होता. ताटात बीव्हरची शेपटी होती. जनावर पाण्यात राहतं, म्हणून उपासाला चालतं असा बिशपच्या मठाचा निर्वाळा होता.

"बसा, वकील. खाणार?"

"जेवून आलोय."

"हेरिंग, ना? तोंडाला वास येतोय." किल्लेदार हसला. "मला ईस्टरच्या आत गुन्हेगार पाहिजे. तुमचा नगराध्यक्ष म्हणतो तो सापडलाय."

"तुम्ही काल संध्याकाळी दालनात गेला होता असं बुर्कार्ड सांगतो."

किल्लेदारानं सुरी खाली ठेवली. त्याला असं सरळ कोणी विचारत नसे. राग आला असला तरी त्यानं तो दाखवला नाही.

"गेलो होतो. उस्तादाशी भांडलोही. त्यानं बिशपांची तलवार आखूड केली होती. धर्मदंड वर गेलेला, तलवार त्याच्या निम्म्यावर. मी म्हटलं, अरे बाबा, या गावानं धर्मदंडाला भिऊन गुडघे टेकले नाहीत. तलवार वर पाहिजे, किल्ल्या खाली पाहिजेत, खाली बसणाऱ्याला ते रोज दिसलं पाहिजे. तर म्हणतो, लाकूड तेवढंच होतं."

"डावा भाग दाखवला?"

"नाही. कापड टाकलेलं होतं. म्हणाला, तो बिशपांनीच आधी बघायचा. मी निघालो तेव्हा तो जिवंत होता, आणि खाली जिन्यात तुमचा राइखलिन भेटला. वर चालला होता." किल्लेदारानं पुन्हा सुरी उचलली. "त्याआधी तो पोरगा, मत्थेस, सरस घेऊन आला होता. परत गेला की नाही मला माहीत नाही. उद्या त्याला छळाच्या शिडीवर ताणला की तोच सांगेल."

"शिडीवर ताणलेला माणूस काहीही सांगतो."

"तेवढंच पुरे असतं, वकील. तुम्हाला वेगळं काही सांगायचं असेल तर उद्या जेवणाच्या आत येऊन सांगा."

३

बुरुजाच्या कोठडीबाहेर एक म्हातारी पायरीवर बसली होती. मांडीवर फडक्यात पाव आणि कांदा. पहारेकरी तिला आत सोडत नव्हता आणि ती जातही नव्हती. ती वाल्पुर्गा, किलियन आणि मत्थेसची आई.

"साहेब, तेवढा पाव तरी द्या त्याला," ती म्हणाली. रडत नव्हती. "मागच्या वेळी थोरल्याला द्यायचा राहिला. हे म्हणाले उद्या ये, आणि उद्या तो नव्हताच."

काल्टनरनं फडकं घेतलं.

मत्थेस भिंतीला टेकून बसला होता. वय तिशीच्या आत, पण बंडानंतर केस पिकले होते. पावाकडे बघून त्यानं विचारलं, "आई बाहेर आहे?"

"आहे."

"घरी जायला सांगा. बाहेर थंडी आहे."

"मी सांगून ती जाईल असं वाटत नाही. काल काय झालं ते सांग."

"सरस नेऊन दिला. किल्लेदार तिथंच होते, तलवारीवरून बोलत होते. उस्ताद मला म्हणाले, तू जा आता, आज मला एकट्याला काम आहे. मी गेलो. खानावळीत बसलो. मला तिथं कोणी बघितलं का म्हणाल, तर सगळ्यांनी बघितलं आणि कोणीही सांगणार नाही. किलियनच्या भावासाठी साक्ष द्यायला कोण येतो?"

"टोपड्यातल्या माणसाचा हात कसा होता?"

मत्थेसनं मान हलवली. "मला माहीत नाही. उस्तादांनी मला डावीकडचं काम कधी दाखवलंच नाही. म्हणायचे, ते तुझ्या भावाचं आहे, तू नको बघूस. मी सभासदांचे झगे कोरले, बिशपांची खुर्ची कोरली. खुर्चीच्या हातांवरचे ते दोन सिंह माझे आहेत."

"राइखलिन म्हणतो, भावाची बदनामी सहन झाली नाही म्हणून तू हात तोडलास."

मत्थेसनं पाव मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "साहेब, माझ्या हातात पटाशी आहे, समोर बिशप बसलाय, त्याच्या पायाशी राइखलिन बसलाय, आणि मी भावाचा हात कापत बसू? आधी त्या दोघांची तोंडं साफ केली असती. मग वेळ उरला असता तर बाकीचं."

काल्टनर तिथंच उभा राहिला. सकाळपासून जे मनात नुसतं टोचत होतं त्याला या माणसानं शब्द दिले होते. तलवार मोडणाऱ्यानं बिशपची टोपी सोडली होती, धर्मदंड सोडला होता, उशीवरच्या किल्ल्या सोडल्या होत्या. सत्तेची एवढी चिन्हं समोर असताना त्याला रागच आला असेल, तर तो फार मोजूनमापून आला होता.

"तुला उद्या शिडीवर घेणार आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे. किलियन दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा हो म्हणाला." मत्थेसनं पावाचा तुकडा मोडला. "मी किती वेळा म्हणेन कोण जाणे."

४

उस्तादाच्या कारखान्यात लाकडाचा गोडसर वास कोंडला होता. अपोलोनिया, त्याची बायको, हत्यारं पुसून भिंतीवर लावत होती. नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती हेच करत होती, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

पटावरच्या तुटलेल्या मनगटाशी लोंबत असलेली लाकडाची एक धलपी काल्टनरनं सोबत आणली होती. ती त्यानं तिच्यापुढं धरली. तिनं बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे मत्थेसनं केलं म्हणतात? लाकडाच्या रेषांच्या उलट घुसवलीय पटाशी. लाकूड उपटलंय, कापलेलं नाही. त्यानं असं केलं असतं तर यांनी त्याला पहिल्या आठवड्यातच हाकलला असता."

"रागात माणूस कसंही कापतो."

"लाकूडकाम करणाऱ्याचा हात रागातही रेषेनंच जातो, वकीलसाहेब. पण माझं कोण ऐकतंय? माझ्याच घरी त्याचा पाव भाजला जातो, मी त्याचीच बाजू घेणार असं म्हणाल."

"म्हणतील खरं," काल्टनर म्हणाला आणि एका ठोकळ्यावर बसला. पाय ठणकत होता. "अपोलोनियाबाई, अलीकडे उस्तादांनी काही वेगळं केलं? काही मागितलं?"

ती विचारात पडली. "वेगळं म्हणजे, झोपत नव्हते. पण ते काही आत्ताचं नाही. बंडाच्या पहाटेपासूनच. त्या पहाटे यांचा तटावर पहारा होता, वरच्या दरवाज्याच्या अंगाला. काय बघितलं ते कधी बोलले नाहीत. किलियनला मारलं त्या दिवशी मात्र घरी आले आणि त्या खांबावर कपाळ आपटत राहिले. आणि आठवड्याभरात मत्थेसला कामाला ठेवलं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, लोकांचं बोलणं मला स्वस्तात पडेल."

"आणि मागितलं काही?"

"हो, एक गंमतच. गेल्या महिन्यात माझ्या माहेरच्या घराच्या कागदाला लावलेला मेणाचा ठसा काढून घेतला. गावच्या शिक्क्याचा, लिंडनच्या झाडावर गरुड बसलेला. तो समोर ठेवून भिंगातून बघत बसायचे. मी म्हटलं, अहो, गावचा गरुड तुम्ही झोपेत कोराल, अर्ध्या दारांवर तुम्हीच कोरलाय. तर म्हणाले, तो मोठा. मला मसुराएवढा हवाय, आणि अगदी शिक्क्यासारखा, उलटा."

काल्टनरनं धलपी मुठीत घट्ट धरली.

गावचा शिक्का आता लिंडाखमध्ये नव्हता. बिशपनं शहर घेतलं तेव्हा तो सर्वांत आधी उचलून नेला होता. त्याआधी तो एका जाड अंगठीवर कोरलेला असे आणि ती अंगठी नगराचा शिक्केदार अंगठ्यात घालत असे. द्वारपालाच्या बोटात लोखंडी कडीसुद्धा नसायची.

"बाई," त्यानं हळू विचारलं, "बंडाच्या वर्षी शिक्केदार कोण होता?"

अपोलोनियाच्या हातातली पटाशी तशीच राहिली. तिच्याही ध्यानात ते त्याच क्षणी आलं असावं, कारण ती नाव न घेता खाली बसली.

५

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी काल्टनर गढीवर पोचला. किल्लेदारानं राइखलिनला आधीच बोलावून ठेवलं होतं. वकिलानं तसं सुचवलं होतं, आणि किल्लेदाराला तमाशा आवडत असे.

"बोला," किल्लेदार म्हणाला.

"तलवारीपासून सुरुवात करतो. पातं रक्तावर पडलं होतं. म्हणजे उस्ताद मेल्यावर ते मोडलं गेलं. तलवार वाचवायला उस्ताद आडवा आला ही गोष्टच खोटी. शिवाय मोडणाऱ्यानं ती तिथंच टाकली. नेलं काय? हात. ज्याला बिशपांचा अपमान करायचा तो तलवार नेतो, निदान चुलीत घालतो. इथं तलवार आपल्याला दाखवायला ठेवली होती. कोणी तरी बंडखोर येऊन गेला असं वाटावं म्हणून."

"आणि हातात काय एवढं होतं?" किल्लेदारानं विचारलं. "किल्ल्याच ना? किल्ल्या उजवीकडेही आहेत."

"किल्ल्यांसाठी कोणी माणूस मारला नाही. हाताच्या अंगठ्यात एक अंगठी होती. तिच्यावर मसुराएवढा गावचा शिक्का. बिशप त्या भिंतीसमोर उभे राहिले असते तर बरोबर नाकासमोर. त्यांनी विचारलं असतं, द्वारपालाच्या हातात शिक्क्याची अंगठी कशी? बंडाच्या वर्षी शिक्केदार तर राइखलिन होते."

राइखलिन खिडकीकडे बघत होता.

"अंगठी होती हे तुम्ही कुठं बघितलं?" तो शेवटी म्हणाला. आवाज ठीक होता. "हात तर नाहीच आहे. नसलेल्या हातात तुम्ही वाटेल ते घालाल."

"खरं आहे. म्हणून मी तुमच्याच बोलण्याकडे येतो. काल सकाळी तुम्ही दारात उभे होता. रक्त बघवत नाही म्हणून आत आला नव्हता, उंबराही ओलांडला नाही असं तुम्हीच म्हणालात. डावा भाग झाकलेला होता. बुर्कार्डनं त्याला हात लावला नव्हता. मी लावला नव्हता. आणि तुम्ही म्हणालात, भावाचा हात छाटला. कोणता हात, नगराध्यक्ष? त्या कापडाखाली हात आहे आणि तो छाटलाय, हे तिथल्या तिघांपैकी तुम्हालाच ठाऊक होतं."

राइखलिननं किल्लेदाराकडे बघितलं, काल्टनरकडे नाही. काल्टनरला पुढं अनेक दिवस ते बघणं आठवत राहिलं. तो माणूस धन्याकडे बघत होता.

"मी माझा चेहरा बघायला गेलो होतो," राइखलिन म्हणाला. "बस्स, एवढंच. ईस्टरला सगळं गाव बघणार, म्हटलं आधी आपण बघावं. म्हाताऱ्यानं उजवं कापड ओढलं, मला दाखवलं. चांगला झाला होता चेहरा. मी तसं म्हणालोही. तर म्हणाला, चेहरा उजवीकडे आहे, नगराध्यक्ष, हात डावीकडे आहे. आणि दुसरं कापड उचललं."

"दरवाजा तूच उघडलास," किल्लेदार म्हणाला. विचारत नव्हता.

"सगळं शिवार पेटलेलं होतं, सरकार. तुमचे सरदार पळाले होते, बिशप होडीत बसून गेले होते. दरवाजा उघडला नसता तर त्यांनी तो जाळला असता, आणि गावही. मी किलियनला सांगितलं, जा, तासभर झोप, किल्ल्या मी बघतो. त्यानं बिचाऱ्यानं दिल्या. मी गाव वाचवलं. नंतर तुम्ही परत आलात आणि तुम्हाला डोकं हवं होतं."

"आणि तू त्याचं दिलंस."

"तुम्हीही विचारलं नाही," राइखलिन म्हणाला. "त्यानं शिडीवर दोनदा माझं नाव घेतलं. तुमच्याच माणसानं ते ऐकलं नाही असं ठरवलं."

किल्लेदारानं त्याला बाहेर पाठवलं. दार लागल्यावर तो बराच वेळ बोटांनी मेज वाजवत राहिला. काल्टनर वाट बघत होता. निकाल आता उघड होता. राइखलिनला अटक, मत्थेसची सुटका आणि किलियनच्या नावावरचा डाग पुसायचा अर्ज. तो अर्ज त्यानं मनात लिहायलाही घेतला होता.

"शाबास," किल्लेदार म्हणाला. "खरंच. आता हे तुमच्या-माझ्यात राहील."

काल्टनरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"विचार करा, वकील. बिशपांनी चुकीच्या माणसाचं डोकं उडवलं, हे मी त्यांना ईस्टरच्या दिवशी सांगू? आणि राइखलिनला लटकवलं तर नगरसभा दुसरा निवडेल. कोण जाणे कसला. एखादा ताठ मानेचा निघाला तर? हा माझ्या मुठीत आहे. आजपासून मरेपर्यंत मी म्हणेन तिथं तो अंगठा उठवेल. असा नगराध्यक्ष मला शोधून सापडला नसता. तुम्ही आणून दिलात."

"उस्ताद मेलाय."

"परांचीवरून पडला. म्हातारा माणूस, वर चढायला नको होतं."

"मी बिशपांना सांगेन."

"सांगा." किल्लेदाराच्या आवाजात धमकी नव्हती, कंटाळा होता. "ते ऐकतील, मला विचारतील, मी म्हणेन वकिलाचा गैरसमज झालाय. आणि मग खुनी कोणीतरी लागेलच. मत्थेस खाली बुरुजात आहे, शिडी त्याच्या शेजारच्या खोलीत आहे. उलट म्हातारा पडून मेला असेल, तर मत्थेस संध्याकाळी आईकडे जेवायला जाईल. तुम्हीच ठरवा. मला दोन्ही चालेल."

काल्टनरनं आयुष्यभर भांडणं शब्दांवर जिंकली होती. तो उठला, काठी घेतली, आणि दारापर्यंत जाऊन म्हणाला, "त्याला आत्ता सोडा. संध्याकाळी नको."

"एक अट आहे," किल्लेदार म्हणाला. "पट ईस्टरला पूर्ण पाहिजे. हात पुन्हा बसला पाहिजे. साधा, अंगठीबिंगठी नको. आणि ते टोपडं काढा. तिथं चेहरा पाहिजे, द्वारपालाचा, म्हणजे कोणाला प्रश्नच पडायला नको. उस्ताद गेला. दुसरा कोण आहे तुमच्याकडे?"

६

ते मत्थेसला सांगायचं काम काल्टनरवर आलं. अपोलोनियाच्या कारखान्यात, तिच्यासमोर, त्यानं सगळं सांगितलं. कोणी दरवाजा उघडला, कोणी उस्तादाला मारलं, आणि त्याचं काहीही का होणार नाही. काही लपवलं नाही. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

मत्थेसनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी जिवंत आहे, कारण तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"आणि किलियन गद्दार, कारण तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"मग मी तुमचे आभार मानू की काय करू, ते तुम्हीच सांगा साहेब. तुम्ही शिकलेले आहात."

अपोलोनिया हळू म्हणाली, "नाही म्हण त्यांना. आपण दोघं दुसऱ्या गावी जाऊ. हत्यारं आहेत आपल्याकडे."

मत्थेस भिंतीवरच्या पटाश्यांकडे बघत होता. "मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कोणाला आणतील," तो म्हणाला. "तो किलियनला डुकराचं नाक लावेल, ओठातून दात बाहेर काढेल. गद्दार असाच कोरतात. मग तोच किलियन राहील, आम्ही सगळे मेल्यावरही." त्यानं एक गोल पटाशी उतरवून अंगठ्यावर धार बघितली. "टोपडं काढायचं म्हणजे आत नवं लाकूड बसवावं लागेल. लिंडनचा चांगला सुकलेला तुकडा आहे का, काकू?"

ईस्टरला बिशप आला. घंटा वाजल्या, राइखलिननं गुडघे टेकून भाषण केलं, कापड खाली आलं. बिशपनं उजवीकडे स्वतःला पाहिलं, तलवार आता धर्मदंडापेक्षा उंच होती, आणि त्यानं मान डोलावली. डावीकडे त्याची नजर फार वेळ थांबली नाही. दरवाज्याच्या फटीपाशी उभ्या माणसानं मान वळवून मागं बघितलं होतं. त्याचा हात साधा, उघडा, कामाचा हात होता. चेहऱ्यावर पापाचं काही नव्हतं. कोणीतरी हाक मारली म्हणून माणूस वळून बघतो तसा तो बघत होता. किल्लेदाराच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं काल्टनरकडे एकदा बघितलं. पण सुतारांना पुन्हा बोलवायला वेळ नव्हता आणि बिशप जेवायला निघाला होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी दालन लोकांना उघडं झालं. लोक आले, तलवार बघितली, सभासदांचे चेहरे ओळखून हसले, डावीकडे येताच गप्प झाले. काहीजण थुंकले. काल्टनर दालनाच्या कोपऱ्यात आपल्या मेजाशी बसून अर्ज घेत होता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर वाल्पुर्गा आली. मत्थेस तिच्या मागं होता. ती पटाकडे सरळ गेली नाही. आधी उजवीकडून सगळं बघत आली, बिशप, खुर्चीवरचे सिंह, किल्ल्या, राइखलिन, जणू दुसऱ्याच्या घरी आली होती. मग डावीकडे उभी राहिली. तिची उंची कमी होती. किलियनचा चेहरा तिच्या कपाळाच्या पातळीला येत होता.

चौकात मारलेल्यांची प्रेतं घरच्यांना देत नसत. कुठं पुरली तेही सांगत नसत.

मत्थेस मान खाली घालून उभा होता. काल्टनरनं लेखणी खाली ठेवली होती, पण तिकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

"कोठडीत किती वाढली होती," म्हातारी म्हणाली. "चौकात आणला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही." तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओलं केलं आणि लाकडाच्या गालावर बसलेली धूळ पुसली. "दाढी काढलीस त्याची. बरं केलंस."